आधी गरम पाणी, मग तेल

अकोल्याला कॉलेजात असताना मी छात्रसेनेत होतो. एका वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आमच्याकडे लाकडी पेट्यांतून काही जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली आल्या. तेलकट कागदात गुंडाळलेल्या त्या रायफलींवर तपकिरी, चिकट ग्रीसचा जाड थर होता. कित्येक वर्षे त्या कुठल्यातरी कोठारात पडून असाव्यात, कारण वरचा थर वाळून मेणासारखा झाला होता. आम्ही तो खरवडायला लागलो तेव्हा उस्तादांनी थांबवले. त्यांनी रायफली पत्र्यावर मांडून दुपारच्या उन्हात ठेवायला लावल्या. तासाभरात ग्रीस पातळ होऊन ओघळू लागले. मग ते चिंध्यांनी पुसायचे, खाचाखोचांत रॉकेलचा बोळा फिरवायचा, सगळे कोरडे करायचे आणि शेवटी पातळ तेलाचा हात द्यायचा, असा क्रम होता.

पावसाळ्यात गोळीबाराचा सराव झाला. त्यानंतरची सफाई मात्र निराळी निघाली. आता नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतायचे होते. लोखंडाला पाण्यापासून जपावे, हे आम्ही शाळेपासून शिकलेलो. तेल लावायचे तर आधी पाणी कशाला, असे मनाशी म्हणून मी पाण्याला फाटा दिला आणि नळीत सढळ हाताने तेल फिरवून रायफल जागेवर ठेवली. आठवड्याने नळीतून चिंधी ओढली, तर ती लालसर तपकिरी होऊन बाहेर आली. शेजारच्या, पाण्याने धुतलेल्या रायफलीची नळी लखलखीत होती. उस्तादांना कारण विचारले. नियम तसा आहे, एवढेच त्यांनी सांगितले आणि मला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या.

कारण मला पुढे रसायनशास्त्र शिकताना कळले. ते शोधताना असेही लक्षात आले की बंदुकीला लावायचे वंगण आणि तिच्या सफाईची रीत यांना मोठा इतिहास आहे, आणि त्यातली काही पाने आपल्या वऱ्हाडातली आहेत.

गाविलगडावरील बंदुका

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावजवळ इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांची लढाई झाली. तेथून निसटलेले भोसल्यांचे बरेचसे पायदळ बेनीसिंहाबरोबर चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडात शिरले. १५ डिसेंबरला आर्थर वेलस्लीच्या फौजेने गड घेतला. गड पडल्यावर पाठविलेल्या अहवालात वेलस्लीने एक गोष्ट नोंदवली आहे. गडावरील शिबंदीजवळ कंपनीच्या नव्या बंदुका आणि संगिनी होत्या! म्हणजे हल्ला करणाऱ्यांच्या आणि गड राखणाऱ्यांच्या हातांत साधारण एकाच जातीचे हत्यार होते.

ही हत्यारे म्हणजे चकमकीच्या बंदुका. नळी लोखंडाची, गोळी शिशाची आणि दारू सोरा, कोळसा व गंधक यांची. ही काळी दारू जळते तेव्हा तिचा सगळा धूर होत नाही. तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचे घन पदार्थ मागे उरतात. त्यांत पोटॅशियम कार्बोनेट, पोटॅशियम सल्फेट यांसारखे क्षार असतात. काही धुराबरोबर उडून जातात, पण बरेचसे नळीत काजळीच्या रूपाने चिकटतात. हे क्षार हवेतील ओलावा धरून ठेवतात. लढाईनंतर बंदूक तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर तांबूस झाक दिसू लागे. पण हे क्षार पाण्यात विरघळतात. म्हणून नळी गरम पाण्याने धुवावी, कोरडी करावी आणि मग तेल लावावे, ही रीत शिपायांमध्ये रूढ होती. ती कोणी प्रयोगशाळेत शोधून काढलेली नव्हती. न धुतलेली बंदूक गंजते, एवढे डोळ्यांना दिसत होते.

बाहेरच्या बाजूचा प्रश्न वेगळा होता. त्या काळी इंग्रज शिपायाची बंदूक चकचकीत दिसली पाहिजे, असा दंडक असे. त्यासाठी विटेची पूड आणि तेल घेऊन नळी घासली जाई. प्रत्येक घासणीत गंजाबरोबर थोडे लोखंडही जाई. १८१५ च्या सुमारास हा प्रकार बदलला आणि नळ्या तपकिरी करण्याचा हुकूम निघाला. नळीवर मुद्दाम हलका गंज चढवायचा, त्याची सैल पूड ब्रशने काढायची, पुन्हा चढवायचा, असे अनेक वेळा केले की एक घट्ट, पातळ, तपकिरी थर तयार होतो. त्यावर तेल लावले की ते थरात मुरून राहते. गंज नेहमीच सारखा नसतो, हे येथे विद्यार्थ्यांना दाखवून देता येईल. सैल गंज ओल धरून ठेवतो आणि खालचे लोखंड खात जातो. घट्ट थर मात्र काही प्रमाणात पांघरुणाचे काम करतो.

चरबीचा दोष

१८५३ या वर्षी दोन घटना घडल्या. निजामाने हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. या फौजेची एक छावणी एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाडा भागात होती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एनफिल्ड रायफलीचा नवा नमुना मंजूर झाला. तिच्या नळीत आतून पेचदार खाचा होत्या. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडे आणि दूरवर नेम धरता येई. पण गोळी नळीत सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावणे भाग होते. हे वंगण चरबी, स्टिअरिन आणि मेण यांच्या मिश्रणाचे होते.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. काडतूस दातांनी तोडावे लागे. चरबी कोणत्या जनावराची, याची खातरजमा सरकारने केलेली नव्हती. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे कुजबुज सुरू झाली. शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे, असे सरकारने लगेच जाहीर केले, पण तोवर विश्वास उडाला होता. १८५७ च्या उठावाची कारणे अनेक आणि खोल होती, हे खरेच. तरीही वंगण कशाचे आहे, हा प्रश्न एखाद्या साम्राज्याला किती महाग पडू शकतो, हे त्या वर्षी दिसले.

रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही चरबी हे वाईटच वंगण होते. चरबी असो, तूप असो की गोडे तेल असो, हे सारे ग्लिसरॉल आणि मेदाम्ले यांची संयुगे आहेत. हवा, उष्णता आणि ओलावा यांच्या संपर्कात त्यांचे हळूहळू विघटन होते आणि मेदाम्ले मोकळी होतात. जुन्या तुपाला खवट वास येतो तो याच प्रकारच्या बदलांमुळे. मोकळी झालेली आम्ले धातूवर परिणाम करतात. पितळेच्या भांड्यात तूप राहिले की कडेला हिरवट कळ येते, ते आपल्या घरातले उदाहरण. चरबीतील आम्लाचा शिशाच्या गोळीवर परिणाम होतो आणि उष्ण प्रदेशात चरबी वितळून कागद कोरडा पडतो, हे लक्षात आल्यावर काडतुसाच्या वंगणात मेणाचे प्रमाण पुढे वाढवले गेले. बंदूक वर्षानुवर्षे कोठारात ठेवायची असेल तर असे वंगण हवे होते जे खवट होणार नाही.

जमिनीतून आलेले तेल

असे वंगण ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या काढले जात होते. इरावती नदीच्या काठी येनानजाउंग येथे हाताने खणलेल्या विहिरींतून लोक दगडी तेल उपसत. १८५० च्या दशकात हे तेल रंगून बंदरातून लंडनला पोचू लागले आणि तेथे त्यापासून मेणबत्त्या व वंगणे बनू लागली. बंदुकीला लावायच्या शुद्ध खनिज तेलाला पुढे ‘रंगून ऑइल’ असेच नाव पडले. इंग्लंडमधील बंदुका विकणाऱ्यांच्या यादीत हे नाव कितीतरी वर्षे दिसते.

अमेरिकेत १८५९ साली पेन्सिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे ड्रेकने तेलाची विहीर खणली. तेथे पंपाच्या दांड्यांवर मेणासारखा एक चिकट पदार्थ साचे. कामगार त्याला वैतागत, पण भाजलेल्या जखमेवर तोच चोपडत. रॉबर्ट चेसब्रो या तरुण रसायनतज्ज्ञाने त्याचे शुद्धीकरण करून १८७२ साली पेटंट घेतले. हेच आपल्या घरातले व्हॅसलिन. फिलाडेल्फियाच्या हॉटन कंपनीने याच जातीचा पदार्थ ‘कॉस्मोलिन’ या नावाने आणला. तोही आधी औषधी मलम म्हणून विकला जाई. पुढे त्याचा मुख्य उपयोग धातू जपण्यासाठी होऊ लागला, आणि दुसऱ्या महायुद्धात रायफलींपासून यंत्रांच्या सुट्या भागांपर्यंत सारे काही या तपकिरी ग्रीसमध्ये बुडवून समुद्रापार गेले. ब्रिटिश फौजेत अशा पदार्थाला ‘मिनरल जेली’, म्हणजे खनिज जेली म्हणत.

या सर्व पदार्थांत फक्त हायड्रोकार्बन असतात, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांब साखळ्या. ग्लिसरॉल नाही, मेदाम्ल नाही, म्हणून ते चरबीसारखे खवट होत नाहीत. पाणी त्यांत मिसळत नाही. लोखंड गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात. जेलीचा थर पाण्याला आणि ओलसर हवेला धातूपर्यंत सहजासहजी पोचू देत नाही. तो लोखंडात कोणताही बदल घडवत नाही, नुसता आडवा उभा राहतो. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढे तोच महत्त्वाचा ठरणार आहे.

थोडे विषयांतर करून एक गंमत सांगतो. १८८९ साली फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी ‘कॉर्डाइट’ ही जवळजवळ धूर न करणारी दारू तयार केली. तिच्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के खनिज जेली होती. गनकॉटन म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. जेली घातली ती नळीला वंगण मिळावे म्हणून. पण तिच्यामुळे दारू साठवणीत टिकाऊ होते, असे नंतर आढळले. थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या काडतुसात हीच दारू भरली जाई. म्हणजे ज्या जेलीने रायफल बाहेरून माखलेली असे, तीच थोडी काडतुसाच्या पोटातही असे.

ग्रीस काढायचे म्हणजे काय करायचे?

आता आमच्या पेट्यांकडे वळू. जुने ग्रीस घट्ट का होते? त्यातील हलके, पातळ घटक वर्षानुवर्षे हळूहळू उडून जातात. उरलेल्यांवर हवेतील ऑक्सिजनचा परिणाम होतो आणि धूळ चिकटते. वरची साय अशी वाळते, पण खालचा थर पुष्कळदा मऊच असतो. खरवडण्याने वरचे निघते आणि धातूवर ओरखडे पडतात. शिवाय धूळ दाबली जाऊन कानसेसारखे काम करते, ते वेगळेच.

पेट्रोलियम जेली साधारण ४० ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. अकोला आणि अमरावती येथे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात ठेवलेले काळे लोखंड त्याहून पुष्कळ तापते. थंड देशांत ज्यासाठी भट्टी किंवा वाफ लागते ते काम वऱ्हाडचे ऊन फुकट करते. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. थंड हवेसाठी निवडलेले पातळ ग्रीस आपल्याकडच्या कोठारात उभ्या ठेवलेल्या रायफलीवरून उन्हाळ्यात खाली ओघळेल आणि वरचा भाग नेमका पावसाळ्याच्या तोंडावर उघडा पडेल. उष्ण प्रदेशासाठी जास्त तापमानाला वितळणारे ग्रीस लागते, ते यामुळे.

उन्हाने न निघालेले ग्रीस रॉकेलमध्ये विरघळते. रॉकेल हेही हायड्रोकार्बनच, फक्त साखळ्या आखूड. सारखे सारख्यात विरघळते, हा नियम येथे चांगला दिसतो. ग्रीस पाण्यात विरघळत नाही, रॉकेलमध्ये विरघळते. मिठाचे याच्या नेमके उलट आहे. चिमूटभर मीठ रॉकेलमध्ये टाकून कितीही ढवळा, ते तळाशी तसेच राहते. कारखान्यांत पूर्वी या कामासाठी ट्रायक्लोरोएथिलीनसारखी द्रावके वापरत. त्यांनी ग्रीस झटपट निघते, पण हे रसायन कर्करोगकारक असल्याचे आता सिद्ध झाले आहे. पेट्रोल तर वापरूच नये. त्याची वाफ लगेच पेट घेते.

ग्रीस निघाले की लोखंड उघडे पडते आणि या घटकेला ते सर्वांत असुरक्षित असते. बोटांच्या घामातही मीठ असते. उघड्या पोलादाला हात लावला तर काही दिवसांनी बोटाचे ठसे गंजाच्या रूपाने उमटतात. म्हणून ग्रीस काढल्यावर लगेच पातळ तेलाचा हात द्यायचा.

रायफलीच्या लाकडी दस्त्याचे गणित वेगळे. त्याला जवसाचे तेल पाजत. जवस आपल्या विदर्भाच्या ओळखीचे पीक आहे. जवसाच्या तेलातील असंतृप्त मेदाम्ले हवेतील ऑक्सिजन घेऊन एकमेकांना जोडली जातात आणि लाकडात घट्ट पापुद्रा तयार होतो. लाकडाला हा गुण उपकारक. तेच तेल रायफलीच्या हलत्या भागांना लावले तर काही दिवसांत डिंकासारखे चिकटून बसेल. एकच रासायनिक क्रिया एका ठिकाणी संरक्षण करते आणि दुसऱ्या ठिकाणी यंत्र बंद पाडते. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात टाकू नये. ऑक्सिजन घेताना उष्णता बाहेर पडते, ती बोळ्यात कोंडते आणि तो आपोआप पेट घेऊ शकतो. अशा चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

नळीतले मीठ

आता मूळ प्रश्न. ग्रीस रॉकेलने निघते, तेल पाणी अडवते. मग गोळीबारानंतर उकळते पाणी कशासाठी?

काळ्या दारूच्या काळात उत्तर सोपे होते, कारण क्षार डोळ्यांना दिसत. कॉर्डाइट आणि तिच्यासारख्या नव्या दारवा जळून जवळजवळ सगळ्या वायुरूप होतात. नळी तर स्वच्छ दिसे, तरीही ती गंजे आणि कधीकधी पूर्वीपेक्षा जास्त गंजे. याचा दोष नव्या दारूवर आला. तिच्यातून निघणारी आम्ले पोलादात शिरतात आणि नंतर नळीला घाम फुटावा तशी बाहेर येतात, असे पुष्कळांना वाटे. म्हणून आम्ल मारणारी नाना प्रकारची सफाईची तेले बाजारात आली.

१९२२ साली अमेरिकेच्या खाण विभागातील विल्बर्ट हफ या रसायनतज्ज्ञाने या कोड्याचा उलगडा प्रसिद्ध केला. दोष दारूचा नव्हता, काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीचा होता. घोडा पडला की प्रथम टोपीतले मिश्रण पेटते आणि ते दारूला पेटवते. त्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट असे. त्यातील ऑक्सिजन वापरला गेला की उरते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा भाऊ. प्रत्येक गोळीमागे याचा अतिशय पातळ, न दिसणारा थर नळीत बसतो. काळ्या दारूच्या दिवसांत तो भरपूर काजळीत मिसळून जाई आणि तिच्याबरोबर धुतलाही जाई. नव्या दारूत काजळीच नसल्याने तो थेट पोलादावर बसू लागला, आणि स्वच्छ दिसणारी नळी कोणी धुईना.

हवा कोरडी असेल तर हे मीठ निरुपद्रवी पडून राहते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ८४ टक्क्यांच्या वर गेली की पोटॅशियम क्लोराइड हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होते. त्याआधीच, कमी आर्द्रतेलाही, त्याच्या सान्निध्यात गंज सुरू होऊ शकतो. खारे पाणी वीज वाहून नेते. गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे, म्हणून मिठाच्या थेंबाखाली ती वेगाने चालते. वऱ्हाडात वैशाखात तीच न धुतलेली नळी कदाचित बरेच दिवस चांगली राहील. श्रावणात ती आठवड्यात लाल होईल. माझी रायफल पावसाळ्यातली होती.

आणि तेल? मीठ तेलात विरघळत नाही. तेल फिरवल्याने ते निघत नाही, फक्त झाकले जाते. तेलाचा पातळ थर ओलाव्याला पूर्णपणे थोपवू शकत नाही. थोडा ओलावा आत पोचला की मीठ त्याला धरून ठेवते. वर आपण पाहिले की वंगण नुसते आडवे उभे राहते. शत्रू बाहेर असेल तर त्याचा उपयोग. मीठ आधीच आत बसले असेल तर वंगण त्याच्यावर पांघरूण घालते.

पाणी उकळतेच का, यालाही कारण आहे. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांना सुमारे ३४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळते, तर १०० अंशांना सुमारे ५६ ग्रॅम. नळीतले मीठ इतके थोडे असते की थंड पाणीही त्याला पुरेल, पण गरम पाण्यात ते लवकर विरघळते. त्याहून मोठा फायदा असा की उकळत्या पाण्याने नळी तापते आणि तिच्या स्वतःच्या उष्णतेने उरलेले पाणी सुकून जाते. मग कोरडी चिंधी आणि तेल. म्हणजे गाविलगडाच्या काळातील शिपाई जे करत होते ते बरोबर होते, पण त्याचे संपूर्ण कारण कळायला १९२२ उजाडावे लागले. आमच्या उस्तादांचा नियमही बरोबर होता. नियम पाळला तर बंदूक वाचते. पण कारण ठाऊक नसेल तर माझ्यासारखा एखादा ‘हुशार’ मुलगा तो नियम मोडतो, आणि त्याला समजावून सांगायला कोणाजवळ काही नसते.

गडावरील तोफा

थ्री-नॉट-थ्री रायफल आता बहुतेक इतिहासजमा झाली आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला निरोप दिला. आपल्या कायद्याने ही रायफल सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही, त्यामुळे तिचे ग्रीस काढण्याचा प्रसंग वाचकांवर येणार नाही. पण जुन्या लोखंडाची सफाई करण्याचा प्रसंग शाळांवर नक्की येतो.

नरनाळ्याची नऊगजी तोफ आणि गाविलगडावरील तोफा पाहायला अकोला-अमरावतीच्या शाळांच्या सहली जातात. अशा ठिकाणी उत्साही मंडळींना वाटते, की तारेच्या ब्रशने गंज काढून वर काळा रंग किंवा तेल लावले म्हणजे आपण वारसा जपला. हेतू चांगला असतो, पण विटेच्या पुडीने बंदूक घासणाऱ्या शिपायाची चूक तो पुन्हा करतो. घासण्याने घट्ट बसलेला जुना थर जातो, त्याबरोबर कोरलेली अक्षरे झिजतात. रंगाखाली क्षार राहिले तर माझ्या रायफलीचे झाले तेच तोफेचे होते. रंग वरून शाबूत दिसतो आणि खाली गंज पोखरत राहतो.

लखनौ येथे १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रयोगशाळेसारख्या संस्थांत जुन्या धातुवस्तूंच्या जतनाचे शास्त्र विकसित झाले आहे. जुन्या लोखंडाच्या बाबतीत या शास्त्राचा क्रम आपल्याला आता ओळखीचा वाटेल. आधी आतले क्लोराइड धुऊन काढायचे, मग पूर्ण कोरडे करायचे, आणि त्यानंतरच मेणासारखे पांघरूण द्यायचे. काही वेळा गंजावर टॅनिक आम्ल लावतात. त्यामुळे गंजाचे निळसर काळ्या, स्थिर संयुगात रूपांतर होते. टॅनिन मेळघाटातल्या हिरड्यात भरपूर असते. हिरड्याच्या काढ्यात गंजका खिळा टाकून मुलांना हा रंगबदल दाखवता येईल. पण हा प्रयोग खिळ्यावरच करावा. गडावरील तोफा संरक्षित वारसा आहेत. त्यांची मापे घ्यावीत, चित्रे काढावीत, अक्षरांची छायाचित्रे घ्यावीत आणि सफाई त्या कामातील तज्ज्ञांवर सोपवावी.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

पावसाळ्याच्या सुरुवातीला हा प्रयोग लावावा. जस्ताचा मुलामा नसलेले साधे लोखंडी खिळे घ्या, पॉलिश पेपरने घासा, साबणाने धुवा, पुसून कोरडे करा. यापुढे त्यांना चिमट्यानेच उचलायचे. तीन-तीन खिळ्यांचे पाच गट करा.

पहिला गट तसाच ठेवा. दुसऱ्याला व्हॅसलिनचा पातळ हात द्या. तिसऱ्याला तूप लावा. चौथा आणि पाचवा गट पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून काढून वाळवा. हे रसायन प्रयोगशाळेत नसेल तर काळजी नको. खताच्या दुकानात ‘म्युरेट ऑफ पोटॅश’ म्हणून मिळते ते मुख्यतः हेच, आणि पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी त्याचे पोते असेल. आता चौथ्या गटाला न धुता वरून व्हॅसलिन लावा. पाचव्या गटाला आधी तीन वेळा उकळत्या पाण्याने धुवा, कोरडे करा आणि मग व्हॅसलिन लावा. उकळते पाणी शिक्षकांनी स्वतः ओतावे.

सर्व खिळे एका झाकणाच्या बरणीत, तळाशी ओले फडके ठेवून, त्याला टेकणार नाहीत असे दोऱ्याने टांगा. कोणता गट आधी गंजेल, हे मुलांकडून सुरुवातीलाच कागदावर लिहून घ्या. दर दोन दिवसांनी पाहून नोंद करा. पंधरा दिवसांनी व्हॅसलिन लावलेले खिळे रॉकेलच्या बोळ्याने पुसा आणि खाली काय झाले आहे ते भिंगातून पाहा.

चौथ्या आणि पाचव्या गटाच्या खिळ्यांवर वंगण तेच असेल, बरणी तीच आणि दिवसही तेच. दोन्ही गटांत फरक पडला तर तो कशामुळे, आणि पडला नाही तर का पडला नसेल, हे मुलांनाच सांगू द्या. एखादा मुलगा पाणी वापरायचेच नाही म्हणून अडून बसला तर त्याला फेऱ्या मारायला लावू नका. त्याच्यासाठी सहावा गट करा.